मोराचा डोळा

दिव्याखाली जेल ठेवलं की पट्टे उमटतात,
नारिंगी, आडवे, कुठे जाड, कुठे अंधुक.
एका रांगेत एका रुग्णाचे जंतू.
खाट चारची नागम्मा, विड्या वळणारी, लघवीचा नमुना.
खाट नऊचे मणियार चाचा, नळीतला कफ.
अकरावरचं पोर, होटगी रोडला ट्रकखाली आलेलं, मांडीची जखम.
तिघं एकमेकांना ओळखत नाहीत.
पट्टे ओळखतात.

प्लेटवर आधीच दिसलं होतं:
औषधाच्या प्रत्येक चकतीला वाढ येऊन टेकलेली,
मेरोपेनेमलासुद्धा नखाएवढी जागा सोडलेली नाही.
लूप उचलला तर तार निघाली, पाकासारखी.
क्लेबसिएला.

माझे नाना जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडायचे.
भोक असेल तिथे धागा उचलतो,
नसेल तिथे बसून राहतो;
मोर, कमळ, वेल, सगळं एवढ्यावरच.
एकदा एक भोक राहून गेलं.
चारशे चादरी उतरल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं
की एकाही मोराला डोळा नाही.
शेठनं पत्ते उजेडासमोर धरले, एकेक करून,
आणि दिवेलागणीपर्यंत चूक नानांच्या नावावर आली.
पाळी दुहेरी होती, बल्ब गेलेला होता,
हे पत्त्यावर कुठे दिसत नाही.
सहा हप्ते कापून घेतले.
नाना घरी काही बोलले नाहीत. एक आंधळी चादर आणली,
ती आम्ही अजून पांघरतो.

सिस्टरना नाव हवंय.
स्टाफच्या हातांचे स्वॅब मीच घेतले,
नावं झाकून आकडे घातले.
सातव्या हाताचे पट्टे जुळतात,
वरून तिसरा, मधली ती जोडरेघ, सगळे.
सात म्हणजे कोण ते माझ्या वहीत आहे.
वही ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्याकडे.
सात म्हणजे इरम्मा मावशी.
रात्रपाळी, बावीस खाटा,
साबणानं बोटांची सालं निघालेली.
दर खाटेनंतर हात धुणारी
अख्ख्या वॉर्डात ती एकटी.

म्हणून मी आणखी एक रांग लावली:
बेसिनच्या जाळीखालचा बुळबुळीत, तपकिरी नमुना.
मध्येच लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून.
कडक भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली
आणि नळापाशी हात धुताना थांबले.

जुळले.
पाइपाच्या वाकात राहत होता तो,
नळ जोरात सोडला की शिंतोड्यांबरोबर वर यायचा
धुणाऱ्या हातावर.
राउंडला येऊन, खिशात हात घालून
तसाच निघून जाणारा हात क्रमांक दोन
स्वच्छ निघाला.

रिपोर्टात लिहिलं: वंश एकच.
कुणाकडून कुणाकडे, हे पट्ट्यांवरून सांगता येत नाही.
बेसिन काढा. पाइप बदला.
हात चोळायचं औषध प्रत्येक खाटेला टांगा.
रात्री आणखी एक बाई द्या.
शेवटची ओळ साहेबांनी खोडली,
ती तांत्रिक नाही म्हणाले.

नऊची खाट सकाळी रिकामी होती.
इरम्मा मावशी लॅबच्या दारात आली, आत नाही आली.
"माझ्या हातात काय निघालं म्हणं, बाई?"
आणि दोन्ही हात पुढे केले,
उताणे, शेजारी शेजारी,
शाळेत छडीसाठी करतात तसे.