गजराबाईचा हात

गजराबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.
हिंगण्याच्या चढावर रिक्षातून उतरताना पडल्या,
मनगटाला चीर.
सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले.
आमची पोरगी अजून सहा आठवड्यांची नाही.

सकाळी नऊला त्यांचा फोन.
"पाणी आलंय का?"
गुरुवार. धायरीला पाणी नाही.
बादल्या रात्रीच भरून ठेवल्यात, म्हणालो.
"मग बसा. पाय पसरा. फोन स्पीकरवर टाका,
आणि जवळ ठेवू नका, लाथेनं उडवेल."

रोहिणीला टाक्यांमुळे खाली बसता येत नाही.
ती पलंगावरून बघते,
आणि हसू आलं की टाके धरते.

मी नऱ्ह्याला लेथवर असतो.
दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडे झालं
की जॉब भंगारात.
बोटांना लोखंड कळतं माझ्या,
कुठे बूर राहिलाय, कुठे अजून एक कट घ्यायचाय.
हिच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत
माझं एक मधलं बोट.
यापुढचं माप मला येत नाही.

"अंगठी काढली?"
काढली.
"नखं?"
कापली.
"ते मशीनचं ऑइल गेलं का हाताचं?"
तीनदा साबण लावला, बाई. रेघांमधलं काळं जात नाही.
"राहू दे. रेघांतलं पोरीला लागत नाही."

तिळाचं तेल, बोहरी आळीतून आणलेलं,
वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं.
तळहात एकमेकांवर चोळले
तर पॉलिश पेपरसारखा आवाज आला.
तिकडेही गेला असणार,
कारण बाई म्हणाल्या,
"जास्त घ्या. तुमच्या हातांनाही लागणार ते."

मग पाय, खालून वर.
"पिळू नका, धुणं आहे का ते?
हातातून निसटू द्या. मासा निसटतो तसं."
मग पोट, गोल गोल,
बेंबीपाशी आलं की बोटं हलकी.
मग छाती, मधून बाहेर.
"भाकरी थापत नाही आपण. परातीतलं पीठ
नुसतं बाजूला सारतोय.
आणि कानात तेल नको. मी घालायचे आधी.
आता नाही घालत.
टाळूवर तेल फक्त ठेवा, दाबू नका,
तिथलं दार अजून लागलं नाहीये."

ठेवलं.
बोटाखाली काहीतरी उडत होतं.
मशीनच्या अंगावर हात ठेवून मी रोज ओळखतो
आत सगळं नीट चाललंय का.
पण तिथे कधी
माझा श्वास थांबला नव्हता.

पालथी घेतली तशी रडली.
मी दोन्ही हात वर.
"उचलले ना हात?" फोनमधून.
"कसं कळलं?"
"रडणं बदललं तिचं. एक तरी हात अंगावर पाहिजे.
तेल घेताना, फोन घेताना, काहीही करताना.
एक तरी हात."

पाठ. कंबर. पुन्हा पाठ.
त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तीन झाल्या.
कुणी बोललं नाही.
किती वर्षं करताय हे, मी हळूच विचारलं.
"तुमची बिल्डिंग आहे ना, तिथं ऊस होता तेव्हापासून.
उसाच्या कडेला एक घर होतं. जुळी होती त्यांना."
मग जरा वेळानं,
"झोपली बघा."

मी बघितलं. डोळे अर्धे उघडे होते.
नाही अजून, म्हणणार होतो,
तेवढ्यात मिटले.

"आंघोळ?"
"राहू दे. झोपेपुढं आंघोळ नाही.
पाणी निवेल ते परत तापवा."
आणि तुमचे आजचे पैसे?
"निम्मे पाठवा," गजराबाई म्हणाल्या.
"सांगायचेही पैसे असतात."

दुपारी कारखान्यात
व्हर्नियर दोनदा निसटला हातातून.
शेजारच्या मशीनवरून झेंडेमामा ओरडले,
काय रे, इथं तिळाचा वास
कुठून येतोय?