हात मागे बांधून

त्या शहराचं नाव अजून माझ्या तोंडात नीट बसत नाही.
तिबिलिसी.
मोहाडीच्या फाट्यावर सांगितलं, तर
पानठेल्यावरचा डोमा म्हणाला,
'का निनावेजी, तबला शिकाले गेलते का?'

विणकर सोसायटीनं पाठवलं होतं.
आठ दिवस, दोन पेट्या कोसा, एक दुभाषी.
तो दुसऱ्याच दिवशी तापानं झोपला.
मग मी आणि माझे पाय.

रस्ते सगळे चढाचे.
आमच्याकडे चढ म्हणजे तळ्याची पाळ,
तिथं घरंच एकमेकांच्या खांद्यावर उभी.
एका बाईनं वरच्या सज्ज्यातून दोरीनं टोपली सोडली,
खालच्या पोरानं तीत पाव ठेवला,
डोंग्यासारखा, दोन्ही टोकं निमुळती.
टोपली पार वर जाईस्तोवर मी पाहत उभा.
कोणी हटकलं नाही.
गावात एवढा वेळ वर पाहिलं असतं
तर चार जण येऊन वर पाहू लागले असते.

पुलाजवळ बाजार होता.
भाजी नाही, धान्य नाही.
माणसं चादर अंथरून
आपलंच घर थोडं थोडं विकत होती.
चष्मे, पदकं, दुर्बीण,
बाहुलीचं नुसतं डोकं.
एका म्हाताऱ्याकडे चमचा होता.
त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
मी खांद्यावरचा दुपट्टा काढला,
त्याच्या हातावर टाकला,
आणि आतून बोटं धरली,
बैलबाजारात धरतात तशी.
आधी तो दचकला.
मग त्याच्या बोटांना कळलं.
चार.
तीन.
मग करंगळीचं अर्धं पेर दाबून
तो इतका हसला
की शेजारचे आपली दुकानं सोडून आले.

म्युझियम मात्र गप्प.
वरच्या एका दालनात
काचेआड नुसते कोष मांडलेले,
पांढरे, पिवळे, बोराएवढे, घरात वाढलेले.
आणि कोपऱ्यात एकटाच एक
अंड्याएवढा, मळकट,
काळ्या देठाचा,
देठाच्या टोकाला फांदी धरून ठेवणारं कडं,
फांदी कधीच गेलेली.
अरे, हा तर आपल्या ऐनावरचा.
चिठ्ठीवर तीन लिप्या, तिन्ही मला बंद.
मी छातीवर हात ठेवून म्हणालो,
'माहा. आमच्याकडला.'

खुर्चीवर विणत बसलेली राखणदारीण धावत आली.
तिला वाटलं, छातीत कळ आली.
तिनं मला बसवलं, पाणी पाजलं,
पाठीवरून हात फिरवला,
माझ्या आईच्या वयाची नव्हती, तरी तसाच.
फोन लावायला निघाली, तेव्हा
मी खिशातून सुताची लडी काढली.
तिनं ती काचेशी धरली.
कोषाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
मग खुर्चीत परत बसून
आपल्या निळ्या लोकरीत
माझ्या सुताचे दहाबारा टाके घातले.
स्वेटर कोणाचा, ते विचारायचं राहिलं.
विचारणार तरी कशात.

रामकलानं चमचा दारातल्या उजेडात धरला.
'याले कोनाचे तरी दात लागले आहेत,' म्हणाली.
चिंचेनं घासला, मिठाच्या बरणीत टाकला.
तेव्हापासून भाजी जरा खारटच होते,
तो चमचा आमच्या मापाचा नाही.

परवा बाजारात पारबता बुरडीणीपुढे थांबलो.
सुपं, परड्या, कोंबडीचं डालं.
माझे हात आपोआप मागे गेले,
मान कलती झाली,
एकेक वस्तू बघत सरकू लागलो.
काठाचा पीळ,
विणीची उलटी बाजू,
ओल्या बांबूचा वास.
काचेआड असतं, तर हा वास मिळाला नसता.
सुपाला हात लावू की नको,
क्षणभर खरंच कळेना.

'घ्याचं असन त घ्या, निनावेभाऊ,
नाही त उजेड सोडा.'

मी बाजूला झालो.
सुपं पुन्हा पिवळी दिसू लागली.