नेफा

पहिल्यांदा उशीच्या अभ्र्यावर.
मी म्हटलं, उष्णता. सब्जा भिजत घातला.
मग घणसोलीच्या सिग्नलला, टेम्पोच्या स्टिअरिंगवर.
शेजारच्या तांडेलकाकू कांदा फोडून आल्या,
"हुंगव त्याला."
तुर्भ्याच्या मार्केटातून कांदेच वाहतो अंकुश,
वीस वर्षं हुंगतोच आहे.

तिसऱ्या वेळी बादली लागली.

नेरूळला डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं:
मानेतली धमनी, तिच्या कुशीला फुगा.
गणपतीत मोटरसायकल घसरली होती,
गुडघ्याला टाके पडले,
मानेकडे कोण बघतंय.

"गळा चिरणार?"
"नाही. जांघेतून तार वर सरकवत नेऊ,
फाटल्या जागी आतून जाळीची नळी बसवू.
जाळीला अस्तर असतं."

अस्तर म्हटल्यावर मला कळलं.
मी परकर शिवते, कोपरखैरण्यात, सेक्टर सात.
म्हणजे नाडी ओवायची!
पिन अडकवून नेफ्यात सोडायची,
चुण्या मागे सारत, वरून चाचपत.
शिवणीशी अडते, तिथे घाई नाही करायची.
बाई हसल्या नाहीत.
"आमचंही तिथेच अडतं," म्हणाल्या.

अडीच तास बाकावर
पदराचा काठ चिमटीत धरून
मीही सरकत होते. पोट. छाती. खांदा.
मानेशी आले आणि काठच संपला.
पुन्हा जांघेपासून.

आता जांघेत मसुराएवढा काळा डाग,
आणि फ्रिजवर गोळ्यांचं डबडं.

काल पांढरा अभ्रा घातला.
रात्री दोनदा दिवा लावला.