कितवा

बाबांची तंबाखू मजल्यांवर मोजायची.
तळमजल्याला चिमूट, पहिल्याला चुना,
दुसऱ्यापर्यंत उजवा अंगठा फिरत राही डाव्या तळहातावर
आणि लिफ्टची पितळी मूठ कोपराने दाबलेली.
तिसऱ्याला दोन थापट्या.
साहेब लोक शिंकत. बोलत कुणी नसे,
बॅलार्ड पियरची ती म्हातारी लिफ्ट
अनंत धुरींशिवाय कुणाचं ऐकत नव्हती.
चौथ्याला ओठाआड.

एकोणतीस वर्षं.
प्रेशरची गोळी त्या आठवड्यात संपली होती,
संपली म्हणजे आणायची राहिली होती.
तंबाखू कधी राहिली नाही.

मंगळवारी लिफ्ट थांबली
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये.
आत एक वकीलबाई आणि चहावाला पोऱ्या.
बाई नंतर म्हणाल्या, मला वाटलं लिफ्टच बिघडली.
पोऱ्यानं नीट पाहिलं होतं:
आधी तंबाखू सांडली,
मग ते.

जे.जे.त फिल्म उजेडाला धरून
डॉक्टरबाई म्हणाल्या, हे पांढरं दिसतंय ना, ते रक्त.
पांढरं?
नखाच्या टोकावर घ्यावा
तेवढाच तर होता चुना.

"तंबाखू खायचे?"
आई तोंडाला पदर लावून म्हणाली, छे. कधीच नाही.
तिच्या दातांत सकाळची मशेरी होती.
"नुसत्या तंबाखूनंच होतं असं नाही हो,
पण प्रेशर, त्यात ती..."
डॉक्टरबाई आईकडे बघत थांबल्या,
कागदावर काहीतरी लिहिलं.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.
एकच शब्द मागे राहिला, कितवा?
पाणी हवं असलं, कितवा.
पाठ दुखली, कितवा.
आई रडते तेव्हा तिच्या खांद्याकडे बघत
अगदी हळू,
कितवा.

रात्री कधीतरी जागे होतात,
डावा तळहात चादरीवर पसरून ठेवतात
आणि उजव्या अंगठ्याची वाट बघतात.
तो दोन वितींवर पडलेला असतो,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

डबी मी गटारात टाकली.
आईची मशेरी डब्यांच्या फळीवर, मिठामागे आहे.
मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे.

काल शेवटी मीच माझा अंगठा ठेवला
त्या रिकाम्या तळहातावर.
चोळत राहिलो.
त्यात काही नाही, हे बाबांना कळत होतं,
तरी हात मागे घेतला नाही.
दोन मजल्यांएवढा वेळ गेला असेल.
"कितवा?"
तिसरा, बाबा.
मग थापट्या मारणं आलंच.
मारल्या, दोन.
पलीकडच्या खाटेवर कुणीतरी
झोपेतच शिंकलं.