टाच

बापाचं नाव याकोब.
रेशनकार्डावर याकूब,
जालन्याच्या सळईमिलच्या गेटवर नुसतं वॉचमन.

पाळकसाहेब म्हणायचे, याचा अर्थ टाच धरणारा.
जुळ्यांत धाकटा, म्हणून.
चार मिनिटांनी थोरले अमोसकाका म्हणत,
अर्थ एकच, लबाड.
मिशन कंपाउंडातली खोली बापाच्या नावावर झाली,
तेव्हापासून ते आमच्याकडं
मसुराची आमटी खात नसत.

देव राखो, असाही अर्थ निघतो म्हणे.
बाप रात्रभर दुसऱ्याचं लोखंड राखायचा.
आई नाताळच्या उरल्यासुरल्या मेणबत्त्या वितळवून
त्याच्या भेगांत भरायची.

काल दवाखान्यात चादर आखूड पडली.
काका आले. बराच वेळ उभेच.
मग पायथ्याशी बसून
त्यांनीच धरली
ती मेणानं बुजलेली टाच.