हद्द कायम

सुकट निवडता निवडता नर्मदेनं विचारलं,
"ती आल्माटी कवरं लांब हाय?"
मी म्हणालो, सत्तावीसशे किलोमीटर. हवेतून.
"हवेतून नको," ती म्हणाली, "आपलं सांग."

आपलं म्हणजे साखळीचं.
एकतीस वर्षं मी साखळी ओढली,
तेहतीस फूट, सोळा आणे,
चिखलातून, भरावातून, लोकांच्या शिव्यांतून.
वाण्याच्या बिलामागे हिशेब मांडला:
दोन लाख अडुसष्ट हजार साखळ्या,
वर काही आणे.
दिवसाला तीनशे ओढल्या तरी अडीच वर्षं,
तेही रविवार न पाळता.
विमानाला सव्वाचार तास.

पण ते सरळ रेषेत.
आणि सरळ रेषा कुठे मिळते?
मधलं आभाळ कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं,
एकाची हरकत आली की दुसऱ्याच्या बांधावरून जायचं.
हर्षालीचं विमान असंच वळशानं गेलं.
आधी दिल्ली, तिथे बाकावर सात तास,
मग आणखी एक गाव, त्याचं नाव मला लिहिताही येत नाही.
एकूण बावीस तास लागले
आणि सुकटीची एक पिशवी
तिथल्या कस्टमवाल्यानं ठेवून घेतली.
काय केलं असेल त्यानं तिचं?

दिल्लीचं विमान मात्र इथूनच उडालं.
करंजाड्याच्या गच्चीवरून आम्ही बघत होतो.
कुठल्या गटातून चाकं सुटली ते मला दिसलं,
नर्मदेला सांगितलं नाही.
आमच्या घराची शेवटची मोजणी मीच धरली होती.
बाळाराम यंत्रापाशी, मी टोकाला, मोरीच्या कडेला.
"शून्य तिथं धर," तो ओरडला, "हलू नको."
मी हललो नाही.
मागे हर्षाली अंघोळीला पाणी मागत होती,
तेव्हा ती दुसरीत होती.
साडेबारा टक्क्यांत प्लॉट आला, प्लॉटातून तिची फी गेली.
सहा वर्षांचं डॉक्टरकीचं शिक्षण,
बर्फ, सफरचंदं, रशियन अक्षरं.

"तिथं आता किती वाजले?"
आपल्याहून अर्धा तास कमी.
नर्मदा सुकटीतला एक खडा बाजूला ठेवते.
"अर्धाच तास?
मंग जवलच हाय की."
त्या दिवसापासून आमच्याकडे जेवण साडेनवाला.
तिथे नऊ, मेसची घंटा.
भूक मला आठलाच लागते,
पण बोलत नाही.

मोजणी संपली की नकाशाखाली लिहायची पद्धत होती:
हद्दीच्या खुणा दाखवून दिल्या.
खाली दोन पंचांच्या सह्या.
मी बिलाची मागची बाजू पुन्हा उलटतो,
पंचांमध्ये एक नर्मदा, दुसरं कोण?
हजार जुळतात, शेकडे जुळतात.
वरचे आणे दरवेळी वेगळे येतात.