इतिवृत्त, दुसरा शनिवार

सहकारनगर, बँकेच्या वरची खोली.
उपस्थिती नऊ, पैकी एक जण
नुसती चावी परत न्यायला आलेला.

टेमघरे यांची कथा दिवाळी अंकात लागली.
मानधन तीनशे, पेढे साडेचारशेचे.
टाळ्या.
घैसासबाईंना जिल्हा स्पर्धेत उत्तेजनार्थ.
"उत्तेजनार्थ म्हणजे चौथा, की शेवटचा?"
रानवड्यांनी विचारलंच. पुणं आहे, विचारणार.
हशा, मग टाळ्या.

खुद्द रानवड्यांचं हस्तलिखित अकराव्यांदा साभार परत,
पण या वेळी संपादकांनी खाली
पेनानं लिहिलंय : अजून पाठवा.
ते पत्र हातोहात फिरलं,
पेढ्याचं तूप लागून मालकाकडे आलं.

मग मेहरुन्निसा बागवान म्हणाल्या,
माझं छापून काही आलेलं नाही.
हे गेल्यापासून, दोन वर्षांत,
एक पान झालंय.
वाचू?

चावीवाल्यानं उठून पंखा बंद केला,
पान उडू नये म्हणून.
ऑक्टोबरची दुपार. कुणी घामसुद्धा पुसला नाही.

टाळ्या वाजवायच्या राहिल्या.
सचिव या नात्यानं नोंद करायची, तर
अभिनंदनाचा ठराव कुणी मांडला, आठवत नाही.
अनुमोदन : सर्व, चावीवाल्यासकट.
पंखा बंदच.
शिल्लक पेढे : दोन.